मणी कौलचं उज्जैन

उज्जैन म्हटलं की आपल्याला महाकाल आठवतो, क्षिप्रेचा घाट आठवतो, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ आठवतो. थोडा वाचणारा माणूस असेल तर 'मेघदूत' आठवेल, कारण यक्ष मेघाला सांगतो की वाट वाकडी करावी लागली तरी चालेल, पण उज्जयिनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सिनेमा मात्र कोणाला आठवत नाही. फार तर जुन्या पिढीतले लोक १९४५ सालच्या 'विक्रमादित्य'चं नाव घेतील. विजय भट्ट यांचा चित्रपट, पृथ्वीराज कपूर विक्रमादित्याच्या भूमिकेत. विक्रम संवताची दोन हजार वर्षं भरली म्हणून त्या काळात उज्जैनला पंडित सूर्यनारायण व्यासांनी मोठा उत्सव मांडला होता, त्याच वाऱ्यातला हा सिनेमा. मुकुट, तलवारी, सिंहासन, सगळं काही.

पण मला आज ज्या सिनेमाविषयी लिहायचं आहे त्यात मुकुट नाहीत. दोन चित्रपट आहेत, दोन्ही मणी कौलचे. एक १९७१चा 'आषाढ का एक दिन' आणि दुसरा १९८०चा 'सतह से उठता आदमी'. दोन्ही गल्ल्यावर चालले नाहीत, दोन्ही आजही फार थोड्या लोकांनी पाहिले आहेत. आणि दोन्हींची नाळ या ना त्या प्रकारे उज्जैनशी जोडलेली आहे. एकात कालिदास आहे, दुसऱ्यात मुक्तिबोध. पहिल्याचं उज्जैन राजदरबाराचं, दुसऱ्याचं पोलीस इन्स्पेक्टरच्या मुलाचं, मिडलच्या परीक्षेत नापास झालेल्या पोराचं. या दोघांच्या मधे राजाश्रय नावाची एक गोष्ट उभी आहे, आणि मी सरकारी कारकून असल्यामुळे मला त्या गोष्टीत जरा जास्तच रस आहे. राजाश्रय म्हणजे शेवटी काय, तर कुठल्या तरी फायलीवर कुठल्या तरी माणसाने मारलेला शेरा. ती फाईल कोणी तरी टाइप केलेली असते, कोणी तरी ती वरच्या टेबलावर नेऊन ठेवलेली असते. असो.

आधी कालिदास. मोहन राकेश यांचं 'आषाढ का एक दिन' हे नाटक १९५८ सालचं. गंमत म्हणजे उज्जैनला कालिदास समारोह सुरू झाला तोही १९५८ सालीच, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. समारोह दरवर्षी कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीला सुरू होतो. यक्षाचा शाप संपतो तो दिवस हाच, त्यामुळे तिथी अगदी चपखल निवडलेली आहे. म्हणजे एकाच वर्षी सरकारने कालिदासाला उत्सवमूर्ती केलं आणि एका लेखकाने त्याच कालिदासाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. नाटकाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. डोंगरातल्या एका खेड्यात कालिदास आणि मल्लिका. उज्जयिनीहून बोलावणं येतं, राजकवी व्हा म्हणून. तो जावं की न जावं या घोळात असतो, मल्लिकाच त्याला जायला लावते. तो जातो, मोठा होतो, राजकन्येशी लग्न करतो, मातृगुप्त या नावाने काश्मीरचा राज्यकारभारही बघतो. आणि सगळं फसल्यावर पावसात भिजत परत येतो तेव्हा मल्लिकेच्या घरात दुसऱ्याचं मूल रडत असतं. नाटकात उज्जयिनी एकदाही दिसत नाही. तिचं फक्त बोलणं होतं. तिथून माणसं येतात, घराच्या भिंती मोजतात, या गावाची मौज वाटते म्हणतात आणि निघून जातात.

मणी कौलने चित्रपट करतानाही हेच ठेवलं. एक घर, बाहेर डोंगर आणि ढग, चार माणसं. पात्रं आवाज चढवत नाहीत, रडत-भेकत नाहीत, वाक्यं जणू वाचल्यासारखी बोलतात. के. के. महाजन यांचा कॅमेरा चेहऱ्यांवर आणि हातांवर थांबतो आणि थांबूनच राहतो. आता मराठी वाचकाने इथे कान टवकारावेत. या चित्रपटातला कालिदास म्हणजे अरुण खोपकर! पुढे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' लिहिणारे, 'चलत्-चित्रव्यूह'साठी २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे, जहांगीर साबावालांवर आणि नारायण सुर्व्यांवर माहितीपट करणारे तेच खोपकर. आणि मल्लिका झाल्या होत्या रेखा सबनीस. म्हणजे हिंदी नाटक, काश्मिरी आडनावाचा राजस्थानात वाढलेला दिग्दर्शक, आणि पडद्यावर दोन मराठी माणसं. आपल्याकडे याची चर्चा जवळपास होतच नाही. सबनीस म्हटल्यावर आपल्याला रंगभूमी आठवते, खोपकर म्हटल्यावर पुस्तकं.

मणी कौलविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण नव्या वाचकांना हे नाव माहीत नसण्याची शक्यता आहे. जन्म १९४४, जोधपूर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांचा विद्यार्थी. पहिला चित्रपट 'उसकी रोटी', तोही मोहन राकेश यांच्याच कथेवर, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर. हे महामंडळ १९६० साली सरकारने काढलं होतं, आणि साठच्या दशकाच्या शेवटी त्याने ठरवलं की नव्या मुलांना थोड्या पैशात वेगळं काही करू द्यावं. 'भुवन शोम'ही त्यातच आला. 'भुवन शोम' लोकांना आवडला, 'उसकी रोटी' पाहून लोक चिडले. एक बाई बसथांब्यावर नवऱ्यासाठी भाकरी घेऊन उभी आहे, आणि ती उभीच आहे! १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने महामंडळाचे कान उपटले की जनतेचा पैसा असल्या चित्रपटांवर का घालवता, जे कोणी बघत नाही.

मला त्या समितीचा राग येत नाही. खरं सांगायचं तर ऑडिटच्या जागी बसून विचार केला तर मीही तोच प्रश्न विचारला असता. कर्ज दिलं, वसुली नाही, लाभार्थी किती? पण प्रश्न बरोबर असला म्हणजे त्याचं उत्तर बरोबर असतंच असं नाही. महामंडळाने चित्रपट करायला पैसे दिले, पण तो दाखवायला थिएटर दिलं नाही. विहीर खणायला अनुदान आणि दोर-घागरीचा पत्ता नाही, मग गावाने पाणी प्यायलं नाही म्हणून विहिरीला दोष द्यायचा.

आता मुक्तिबोध. गजानन माधव मुक्तिबोध, हिंदीतले विसाव्या शतकातले फार मोठे कवी. काही जण तर सर्वांत मोठे म्हणतील. घराणं मराठी, मूळचं खानदेशाकडचं, पणजोबांच्या वेळी ग्वाल्हेर संस्थानात आलेलं. जन्म १३ नोव्हेंबर १९१७, श्योपूर. वडील माधवराव शिंदे सरकारच्या पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या, आणि मुलाचं शिक्षण उज्जैनला. १९३० साली तिथेच मिडलच्या परीक्षेत नापास झाले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, लपवलं नाही. पुढे उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकले, इंदूरच्या होळकर कॉलेजातून पदवी घेतली, माळव्यात शाळामास्तरकी केली, उज्जैनमध्ये प्रगतिशील लेखकांचा संघ उभा केला. १९४३ साली अज्ञेयांनी 'तार सप्तक' काढला, त्या सात कवींत दोन मराठी घरांतले होते. एक मुक्तिबोध आणि दुसरे प्रभाकर माचवे, जे तेव्हा माधव कॉलेजातच शिकवत होते. म्हणजे आधुनिक हिंदी कवितेचा पाया घालणाऱ्या सात जणांपैकी दोघे उज्जैनच्या एकाच कॉलेजच्या आवारातून गेलेले, आणि दोघांच्याही घरी मराठी.

धाकटा भाऊ शरच्चंद्र. तो मराठीत लिहू लागला. 'नवी मळवाट' हा त्याचा संग्रह आणि 'क्षिप्रा' ही त्याची कादंबरी. कादंबरीचं नावच उज्जैनच्या नदीचं! १९७९ साली त्यांना 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथासाठी साहित्य अकादमी मिळाली. एका घरात दोन भाऊ, एक हिंदीत गेला आणि एक मराठीत राहिला. आमच्या गोव्यात हे नवल वाटायचं कारण नाही. इथे एका छपराखाली एक भाऊ कोंकणीत लिहितो, दुसरा मराठीत आणि आजोबांची पत्रं पोर्तुगीजमध्ये. पण आपण हिंदीत गेलेल्या भावाला आपल्या पुस्तकातून काढून टाकलं. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शरच्चंद्र भेटतात, गजानन फार तर तळटीपेत.

काही वर्षांपूर्वी एलटीसीवर उज्जैनला गेलो होतो. माझ्या एका सहकाऱ्याचे मावसकाका तिथे तीन पिढ्यांपासून आहेत, त्यांच्याकडे जेवायला बोलावणं होतं. पोहे, मग शेव, मग पुन्हा शेव, माळव्यात सगळ्यावर शेव. काका माळवी वळणाची सुंदर मराठी बोलतात. त्यांनी महाकालाच्या देवळाची कथा अभिमानाने सांगितली, की अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखठणकर यांनी ते पुन्हा उभारलं. "तुमच्याच बाजूचा माणूस हो," असं मला म्हणाले. मी मुक्तिबोधांचं विचारलं. काका थांबले. "ते हिंदीवाले ना? आमच्या शाळेत धडा होता बहुतेक." काकांची नात आतून म्हणाली, "आबा, ते आपलेच होते, कुलकर्णी." मूळ आडनाव कुलकर्णी असल्याचं सांगतात खरं. मुलगी हिंदीत एम.ए. करत होती. देऊळ बांधणारा मराठी माणूस तिच्या आजोबांना ठाऊक होता, कविता लिहिणारा तिला.

मुक्तिबोधांचं पुढचं आयुष्य म्हणजे ओढगस्तीची यादीच आहे. मास्तरकी, आकाशवाणी, नागपूरला पत्रकारिता, मग १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी. त्या वेळी त्यांनी शाळेसाठी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. भावना दुखावल्याची ओरड झाली आणि १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. एका गरीब प्राध्यापकाला पाठ्यपुस्तकातून चार पैसे मिळाले असते ते गेलेच, पण त्याहून मोठा धक्का मनाला बसला. दोन वर्षांत, ११ सप्टेंबर १९६४ ला, ते दिल्लीत गेले. हयातीत स्वतःचा कवितासंग्रह त्यांनी पाहिला नाही. 'चाँद का मुँह टेढ़ा है' त्यांच्या पश्चात आला. त्यातली 'अँधेरे में' ही दीर्घ कविता वाचली नसेल तर वाचा. रात्रीच्या अंधारात शहरातून एक मिरवणूक निघते. तिच्यात गावगुंडांच्या बरोबरीने पत्रकार, अधिकारी, विद्वान, कवी असे दिवसा मान मिळवणारे सगळे चालत असतात. ती मिरवणूक पाहणारा माणूस आता साक्षीदार झाला म्हणून त्याच्यामागे लोक लागतात.

आणि १९८० साली, म्हणजे बंदीनंतर अठरा वर्षांनी, त्याच मध्य प्रदेशाच्या कला परिषदेच्या पाठबळावर त्याच माणसावर चित्रपट होतो. मधल्या काळात खात्यात अशोक वाजपेयी आले होते, सनदी अधिकारी आणि कवी. मुक्तिबोधांच्या शेवटच्या दिवसांत दिल्लीत जी तरुण कविमंडळी त्यांच्याभोवती होती त्यांतले ते एक. म्हणजे फायलीवर शेरा मारणारा माणूस बदलला होता, एवढंच. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. सरकार म्हणून जे काही म्हणतात त्याला स्मरणशक्ती नसते. स्मरणशक्ती असते ती टेबलामागच्या माणसाला, आणि ती त्याची बदली होईपर्यंतच टिकते. त्याच वर्षी नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली'ही निघाली.

'सतह से उठता आदमी' हे मुक्तिबोधांच्या एका कथेचं आणि कथासंग्रहाचं नाव. गरिबीतून वर आलेला माणूस वर येताना खाली काय काय सोडून येतो, असा तो विषय. पण चित्रपट म्हणजे त्या कथेचं रूपांतर नव्हे. कथा, डायरी, निबंध, कविता असं त्यांचं सगळं लेखन मणी कौलने एकत्र कालवलं आहे. तीन पात्रं आहेत. रमेश, माधव आणि केशव. रमेश हा जणू मुक्तिबोधांचा 'मी'. बाकीचे दोघे त्याच्याशी वाद घालणारे मित्र. रमेशचं काम गोपींनी केलंय, म्हणजे मल्याळम चित्रपटातले भरत गोपी, 'कोडियेट्टम'वाले. केशव झालेत एम. के. रैना. संगीत म्हणाल तर गाणी नाहीत, धृपदाचा सूर आहे. मणी कौल स्वतः झिया मोहिउद्दीन डागरांकडे धृपद शिकत होता, आणि चित्रपट बघताना ते कळतं. आलाप जसा एका सुरावर बसून राहतो, पुढे सरकायची घाई करत नाही, तसा हा कॅमेरा. भिंत, जिना, खिडकी, चालणारा माणूस, रिकामा रस्ता. शेवटाकडे कारखाना येतो, लोखंड, आग, यंत्रं. तिथे पात्रंच गायब होतात आणि पडद्यावर मुक्तिबोधांचे छापील शब्द उरतात. तुम्ही सिनेमा बघायला आलात आणि तुम्हाला वाचायला लावलं जातं.

१९८१ साली हा चित्रपट कान महोत्सवात 'अं सेर्तें रगार' विभागात दाखवला गेला. कान! आणि माळव्यात किती जणांनी पाहिला असेल? मी स्वतः तो संगणकावर चार रात्रींत मिळून पाहिला. पहिल्या रात्री पंचवीस मिनिटांनंतर बंद केला. दुसऱ्या रात्री गोपींच्या चेहऱ्यावरून नजर हलेना. मला सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. पण ऑफिसातून घरी येऊन पंख्याखाली बसलेला, आपण कोणाशी प्रामाणिक आहोत याचा हिशोब मनातल्या मनात करणारा माणूस मला लगेच ओळखू आला. त्यासाठी कुठल्या सिद्धांताची गरज नव्हती. माझा मणी कौलवर आक्षेप आहे तो वेगळाच. मुक्तिबोध संतापतात, धापा टाकतात, त्यांच्या कवितेत घाम आहे. चित्रपटात तो घाम सुकवून ठेवलाय. सगळं थंड आणि सुंदर. कारखान्याच्या भागात मात्र तो परत येतो.

याच सुमारास, १९८० मध्येच, मणी कौलने फिल्म्स डिव्हिजनसाठी 'अरायव्हल' केला. मुंबईत येणारा भाजीपाला, बकरे आणि माणसं. सगळं एकाच रीतीने उतरवलं जातं, मोजलं जातं, विकलं जातं. निवेदक नाही. फिल्म्स डिव्हिजन म्हटल्यावर माझ्या वयाच्या लोकांना आठवतो तो धरण-धान्य-कुटुंबनियोजनवाला भारदस्त आवाज. मुख्य खेळाआधी थिएटरवाल्याला कायद्यानेच ते दाखवावं लागायचं, आणि लोक तेव्हा बाहेर शेंगदाणे घेत असायचे. पण त्याच संस्थेत साठच्या दशकात जाँ भावनगरी आले आणि त्यांनी दारं किलकिली केली. प्रमोद पतींचा 'एक्स्प्लोरर', शास्त्रींचा 'आय अॅम ट्वेंटी', आणि चक्क एका चित्रकाराच्या हातात दिलेला कॅमेरा. हुसेनचा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' १९६७ साली बर्लिनला लघुपटांतलं सुवर्ण अस्वल घेऊन आला. हुसेनही पंढरपुरात जन्मलेला आणि इंदुरात वाढलेला, उज्जैनपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. माळव्याच्या पाण्यात काही तरी आहे बहुतेक! कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले तेही उगीच नव्हे.

इथे मला आमच्या बाजूची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७७ साली मणी कौलने 'चित्रकथी' नावाचा माहितीपट केला. विषय पिंगुळीचा. पिंगुळी म्हणजे कुडाळजवळचं, आम्हा गोवेकरांना बांदा ओलांडला की तासाभराचं गाव. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रांच्या पोथ्या घेऊन देवळादेवळांत जायचे. सावंतवाडीकर भोसल्यांचा त्यांना आश्रय होता. म्हणजे इथेही राजाश्रय आलाच. एकेक चित्र फळीला टेकवून उभं धरायचं, आणि गात-बोलत रामायण-महाभारतातली कथा सांगायची. एक चित्र झालं की दुसरं. चित्र स्वतः हलत नाही, हलवतो तो सांगणाऱ्याचा आवाज. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव पेपरांत झळकलं. मणी कौल तिथे चव्वेचाळीस वर्षं आधी पोचला होता.

आणि मला वाटतं त्याच्या चित्रपटांना नेमका हा चित्रकथीच मिळाला नाही. पोथी आहे, चित्रं आहेत, पण समोर बसून सांगणारा नाही. असा चित्रपट नुसता डबा पाठवून दाखवायचा नसतो, त्याच्याबरोबर माणूस यावा लागतो. हे ज्यांनी ओळखलं त्यांनी करून दाखवलं. शेजारच्या कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमने सत्तरच्या दशकात चित्रसमाज काढला. पुण्याहून सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर तिथे जाऊन शेतकऱ्यांना जगातले चित्रपट दाखवायचे, त्यांवर बोलायचे. सुपारीच्या बागेत राबणारी माणसं 'पथेर पांचाली'वर वाद घालत. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ होतं, सुधीर नांदगावकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं. भोपाळला १९८२ साली भारत भवन उघडलं, चार्ल्स कोरियांनी बांधलेलं. आमच्या पणजीची कला अकादमीही त्यांचीच, दोन्हीकडे पायऱ्या पाण्याच्या दिशेने उतरतात. भारत भवनात 'छवि' नावाचा चित्रपटांचा विभाग होता, बाहेरून येणाऱ्या कलावंतांना राहायची सोय होती. लेखक, चित्रकार, गायक, दिग्दर्शक एका आवारात. पण भोपाळ ते उज्जैन हे अंतर नकाशावर दोनशे किलोमीटरच्या आत असलं तरी तसं ते बरंच लांब आहे. राजधानीत उजेड पडला की तालुक्यात पडतोच असं नाही. हे मी फायलींच्या अनुभवावरून सांगतोय.

आणि आज? १९४८ साली सुरू झालेलं फिल्म्स डिव्हिजन २०२२ च्या आदेशाने एनएफडीसीत विलीन झालं. मणी कौल ६ जुलै २०११ ला गेला. उज्जैनला २०२२ मध्ये महाकाल लोक झाला, गर्दी कैक पटींनी वाढली. कालिदास समारोह अजून दर कार्तिकात होतो.

त्याचा शेवटचा मोठा हिंदी चित्रपट १९९९चा 'नौकर की कमीज'. विनोदकुमार शुक्ल यांच्या कादंबरीवर. शुक्ल मूळचे राजनांदगावचे, आणि त्यांच्या तरुणपणी त्यांच्या कवितांवर पहिली नजर पडली ती तिथे शिकवायला आलेल्या मुक्तिबोधांची. २०२५ साली त्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं. म्हणजे उज्जैनचा धागा असा फिरून पुन्हा मणी कौलच्या हाती आला. कादंबरीचा नायक संतूबाबू सरकारी कारकून. साहेबाने आदर्श नोकरासाठी एक सदरा शिवून ठेवलाय. ज्याला तो बसेल तो नोकर. नोकर पळून जातो आणि सदरा कारकुनाच्या अंगावर चढवला जातो. हा चित्रपट मला एका बैठकीत पाहता आला, आणि हसूही आलं. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार, की आपल्या सेक्शनमध्ये कोणाकोणाला तो सदरा बसेल याची मी मनात यादी केली? यादीत माझं नाव दुसरं होतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत 'सतह से उठता आदमी' लावला. मागून आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर. अकरा माणसं आली. अर्ध्यावर चार उठली, एकाचा फोन सारखा वाजत होता. मी आधी दहा मिनिटं मुक्तिबोधांविषयी बोललो आणि मधे दोनदा थांबवून सांगितलं की आता हे कोणत्या लेखनातून आलं आहे. थोडक्यात, चित्रकथीची भूमिका केली, वाद्य सोडून. संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका, आमच्या सगळ्यांच्या बाई, म्हणाल्या, "अरे, हा माणूस घरी मराठी बोलायचा ना? मग रागावायचा कुठल्या भाषेत?" मी म्हटलं, "बाई, रागावायचा हिंदीत, छापायला. घरचं मराठीत." बाईंना ते पटलं नाही. घरचा राग आणि छापायचा राग असे दोन वेगळे नसतात म्हणाल्या. मग त्यावर चहा थंड होईपर्यंत वाद झाला. बाईंनी जाताना 'क्षिप्रा' वाचनालयात आहे का ते बघायला सांगितलं. कपाटात नव्हती. जिल्ह्याच्या ग्रंथालयातून मागवायला अर्ज दिलाय. 'आषाढ का एक दिन' आषाढातच लावायचं ठरलं आहे, तेवढ्यात पाऊस जास्त नसावा, कारण त्या खोलीचं छप्पर प्रोजेक्टरच्या बरोबर वर गळतं.